'मला बंदूक सोडून दुसरं काय येतं?'

पत्र :

"ताई, माझे मिस्टर सैन्यात पायदळात होते. २४ वर्षं नोकरी करून आठ महिन्यांपूर्वी हवालदार म्हणून घरी आले. वय ४३, शिक्षण बारावी. मुलगी यंदा बारावीला, मुलगा आठवीत. पेन्शन येते, पण मुलांचं पुढचं शिक्षण आणि घराचं कर्ज बघता ती पुरणार नाही. शिवाय हा माणूस रिकामा बसणारा नाही. तीन ठिकाणी मुलाखतीला जाऊन आले. एके ठिकाणी 'वय जास्त आहे' म्हणाले, दुसरीकडे 'अनुभव नाही', तिसरीकडे सिक्युरिटी गार्डची बारा तासांची ड्युटी देऊ केली. शेवटची तीन वर्षं ते सैन्यातच कंपनीचं स्टोअर बघत होते, त्याआधी दोन वर्षं सेंटरला रंगरुटांना शिकवायला होते. पण काही विचारलं की म्हणतात, 'मला बंदूक सोडून दुसरं काय येतं?' घरात बोलणं कमी झालंय. मुलगा उशिरा उठतो म्हणून रोज वाद. त्यात चुलत दीर मागे लागलेत की निवृत्तीचा पैसा आमच्या धंद्यात घाला, भागीदार व्हा. मी जाहिराती बघून त्यांच्या नावाने अर्ज भरायला घेतलेत, त्यांना अजून सांगितलेलं नाही. मी बरोबर करते आहे का? त्यांना मदत कशी करू?"

उत्तर :

ताई,

पहिल्यांदा 'वय जास्त आहे' हे वाक्य बाजूला काढू, कारण ते तुमच्या मिस्टरांच्या मनात सगळ्यात खोल गेलेलं असणार. खासगी कंपनीतल्या माणसाने ते म्हटलं, तो त्याचा अंदाज झाला. सरकारी भरतीचा हिशेब वेगळा आहे. केंद्र सरकारच्या गट क च्या पदांसाठी माजी सैनिकाच्या आजच्या वयातून त्याने सैन्यात काढलेली वर्षं वजा करतात. जे उरतं ते त्या पदाच्या कमाल वयोमर्यादेपेक्षा तीन वर्षांहून जास्त नसलं की माणूस वयात बसला. ४३ मधून २४ गेले, राहिले १९. भरतीच्या हिशेबात तुमचे मिस्टर १९ वर्षांचे आहेत. हे त्यांना आज संध्याकाळीच सांगा.

दुसरं, बारावीचं. ज्याचं शिक्षण दहावी आहे आणि ज्याची सैन्यात १५ वर्षं झाली आहेत, असा माजी सैनिक केंद्र सरकारच्या गट क मधल्या अशा पदांसाठीही पात्र धरता येतो, जिथे पदवी मागितलेली असते पण तांत्रिक किंवा व्यावसायिक स्वरूपाचा अनुभव अनिवार्य नसतो. डिस्चार्जच्या कागदांबरोबर पदवी समकक्षतेचं प्रमाणपत्र मिळालं आहे का ते बघा. नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला लिहून मागवा. हा कागद ट्रंकेत तसाच पडून राहिलेली किती घरं मी पाहिली आहेत! जाहिरातीत 'पदवीधर' हा शब्द दिसला की माणसं पान उलटतात, आणि ज्या जागेवर आपला हक्क होता ती तशीच निघून जाते.

आता माझ्याबद्दल थोडं, म्हणजे मी पुढे जे सांगते ते कुठून येतं ते कळेल. मी बरीच वर्षं एका कारखान्यात माणसं घेण्याचं काम केलं. एकदा एक निवृत्त हवालदार चालकाच्या जागेसाठी आले होते. मी विचारलं, "आजवर काय काय काम केलंत?" ते म्हणाले, "गाडी चालवली, मॅडम." मी कागदावर 'चालक' लिहिलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. त्या सुमारास आम्ही वाहन विभागासाठी पर्यवेक्षक शोधत होतो आणि सापडत नव्हता. वर्षभराने त्यांच्याच तुकडीतला दुसरा माणूस आमच्याकडे लागला. त्याच्या बोलण्यातून कळलं की ते हवालदार पस्तीस गाड्यांच्या देखभालीची नोंद ठेवत, डोंगराळ रस्त्यावरच्या ताफ्याचं वेळापत्रक लावत, नव्या चालकांना तयार करत. आम्हाला हवा होता तो माणूस माझ्या टेबलासमोर बसून गेला होता. मी एकच प्रश्न विचारला, त्यांनी एकच वाक्य सांगितलं, आणि दोघांचंही नुकसान झालं. चूक माझी जास्त होती. तेव्हापासून सैन्यातून आलेल्या माणसाला मी कधीही 'काय काय केलंत' असं विचारत नाही. मी विचारते, "सकाळी उठल्यापासून दिवस कसा जायचा?"

तुम्ही करायची खरी मदत हीच आहे. अर्ज नंतर. आधी दोन-तीन संध्याकाळी एक वही घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि त्यांना शेवटच्या तीन वर्षांतला एक दिवस सांगायला लावा. 'तुम्हाला काय येतं' असं विचाराल तर 'काही नाही' हेच उत्तर मिळेल. ते खोटं बोलत नाहीयेत. सैन्यात माणूस स्वतःच्या कामाचं वर्णन करायला कधी शिकतच नाही, काम नेमून दिलेलं असतं आणि करायचं असतं. पण "कंपनीत माणसं किती होती? सामान कुठून यायचं? आलं की पहिल्यांदा काय करायचात? कमी भरलं तर कोणाला कळवायचात? वरून तपासणी यायची तेव्हा आदल्या रात्री काय धावपळ असायची?" असं विचारलंत तर ते बोलू लागतील. मध्ये थांबवू नका. मुलगा-मुलगी तिथे असतील तर असू द्या, त्यांनी वडिलांचं काम कधी ऐकलेलंच नसेल.

'कंपनीचं स्टोअर बघत होते' असं तुम्ही एका ओळीत लिहिलंत. म्हणजे ते बहुधा कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार होते, जवान ज्याला सीक्यूएमएच म्हणतात. ताई, हे लहान काम नव्हे. पायदळाच्या एका कंपनीत साधारण सव्वाशेच्या आसपास माणसं असतात. त्या सगळ्यांचा शिधा, कपडे, बिछाना, तंबू आणि इतर सामान यांची जबाबदारी या एका माणसावर असते. तो इंडेंट भरतो, व्हाउचरवर सामान उचलतो, लेजरला चढवतो, वाटतो, परत घेतो, मोडकळीला आलेलं निकाली काढायला बोर्डापुढे, म्हणजे तपासणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे, ठेवतो. लेजरला एक वस्तू कमी निघाली तर चौकशी लागते. तुकडी एका ठिकाणाहून दुसरीकडे हलते तेव्हा हे सगळं बांधून, मोजून, गाडीत चढवून, पलीकडे पुन्हा मोजून उतरवावं लागतं.

आता हेच काम बाहेर कोणत्या नावाने चालतं ते पाहा. इंडेंट म्हणजे मागणीपत्रक. व्हाउचरवर सामान उचलणं म्हणजे आवक नोंद. लेजर म्हणजे साठा नोंदवही, जी हल्ली संगणकावर असते. 'बोर्ड बसला' म्हणजे साठ्याची प्रत्यक्ष मोजणी झाली. 'कंडेम केलं' म्हणजे निकामी मालाची विल्हेवाट लावली. तुकडीची हलवाहलव म्हणजे माल पाठवणी आणि वाहतूक. कारखान्याचं भांडार, मोठं गोदाम, रुग्णालयाचं स्टोअर, वसतिगृह, हॉटेल, बांधकामाची साइट या सगळीकडे 'स्टोअर इनचार्ज', 'वेअरहाउस सुपरवायझर', 'इन्व्हेंटरी एक्झिक्युटिव्ह' अशा नावांनी ज्याला शोधतात तो हाच माणूस.

त्यांनी अर्जात बहुतेक असं लिहिलं असेल: 'हवालदार, सीक्यूएमएच, अमुक बटालियन'. समोरच्या पंचविशीतल्या मुलाला यातलं एक अक्षर कळत नाही, आणि न कळलेलं तो विचारत नाही, बाजूला ठेवतो. त्याऐवजी असं लिहा: 'सुमारे १२० जणांच्या तुकडीच्या भांडाराची तीन वर्षं संपूर्ण जबाबदारी. साहित्याची मागणी, आवक, वाटप, मोजणी आणि नोंदी. हाताखाली अमुक इतके सहकारी. तपासण्यांमध्ये साठ्यात तूट नाही.' आकडे अर्थात त्यांनी सांगितलेले खरे घाला. तूट कधी निघाली असेल तर 'तूट नाही' असं लिहू नका, ती कशी शोधली हे मुलाखतीत सांगू द्या. तेही ऐकायला आवडतं लोकांना. सेंटरवरची दोन वर्षंही अशीच लिहा: एका तुकडीत किती रंगरूट, किती आठवडे, काय शिकवलं, शेवटी परीक्षा कशी घेतली. नव्या कामगारांना मशीनजवळ उभं करण्याआधी सुरक्षा आणि शिस्त शिकवणारा माणूस प्रत्येक मोठ्या कारखान्याला लागतो.

लिहिताना एक पथ्य पाळायचं. कुठल्या चौकीवर होते, कोणत्या मोहिमेत होते, कोणती हत्यारं किती होती, हे अर्जात येऊ द्यायचं नाही. तिथले फोटो जोडायचे नाहीत. हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे, पण मुलं हौसेने अर्ज सजवायला बसली की असं काहीतरी घुसतं.

वही भरली की एक उणीव उघडी पडेल, ती म्हणजे संगणक. सैन्यातला त्यांचा हिशेब बराचसा वहीत झाला असेल, बाहेर तो एक्सेलमध्ये आणि टॅलीसारख्या प्रणालीत होतो. ज्याला लेजर कळतं त्याला एक्सेल शिकवायला वेळ लागत नाही, कारण रकाने तेच असतात. तुमच्या मुलीला सांगा, बाबांना रोज एक तास शिकव. वर्ग लावला तरी चालेल, पण आधी घरात सुरुवात होऊ द्या. वर्गात वीस वर्षांच्या मुलांमध्ये बसून 'मला माउस धरता येत नाही' म्हणणं त्यांना जड जाईल. ज्यांना गाडी चालवण्याचं, दुरुस्तीचं, रुग्णसेवेचं काम येतं, त्यांनी आपल्या सैन्यातल्या ट्रेडचं नागरी कौशल्य प्रमाणपत्र मिळतं का ते डिस्चार्जच्या कागदांत बघावं. शिकलेलं काम तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारच्या कौशल्य योजनांमध्ये आहे. आणि चालकांनी नागरी परवाना आधी हातात घ्यावा, मग जाहिरात बघावी.

आता कुठे जायचं ते. पहिली पायरी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. तिथे माजी सैनिक म्हणून नोंद आणि ओळखपत्र झालं असेलच. पण नोकरीसाठीची नोंदणी वेगळी असते आणि ती अनेकजण करत नाहीत. डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, शिक्षणाची प्रमाणपत्रं यांच्या मूळ प्रती आणि झेरॉक्स घेऊन त्यांनी स्वतः जावं. राज्यभरात या कार्यालयांच्या वर पुण्याचा सैनिक कल्याण विभाग आहे, आणि केंद्रात संरक्षण मंत्रालयाचं पुनर्वसन महासंचालनालय, ज्याला सगळे डीजीआर म्हणतात. डीजीआर निवृत्तीच्या आधी प्रशिक्षणाचे वर्ग चालवतं. तुमच्या मिस्टरांची ती वेळ गेली असावी, पण ज्या वाचक बहिणींचे यजमान अजून नोकरीत आहेत त्यांनी हे आजच विचारून घ्यावं. सेवेची मुदत संपायला वर्ष राहिलं की नागरी पदांसाठी अर्जही करता येतो. घरी येऊन मग बघू, असं म्हणण्यात ते सोन्यासारखं वर्ष जातं.

आरक्षण किती आहे ते नीट माहीत असू द्या. केंद्र सरकारच्या सरळ भरतीत गट क मध्ये १० टक्के आणि पूर्वीच्या गट ड च्या पदांत २० टक्के जागा माजी सैनिकांना आहेत. सार्वजनिक उपक्रमांत आणि सरकारी बँकांत हेच प्रमाण १४.५ आणि २४.५ टक्के आहे, त्यातले साडेचार टक्के सैन्यात अपंगत्व आलेल्यांसाठी आणि युद्धात गेलेल्यांच्या कुटुंबीयांसाठी. महाराष्ट्र शासनाच्या गट क आणि गट ड मध्ये १५ टक्के समांतर आरक्षण आहे. पण आरक्षण म्हणजे दारात उभं राहायची परवानगी, परीक्षा द्यावीच लागते. माजी सैनिकांच्या कितीतरी जागा दरवेळी रिकाम्या राहतात, कारण लेखी परीक्षेत किमान गुणही मिळत नाहीत. गणित, बुद्धिमत्ता, थोडं इंग्रजी. २४ वर्षांपूर्वी सोडलेला अभ्यास पुन्हा धरायचा आहे. मुलगी बारावीला आहे, तर तिच्या शेजारी टेबलावर तेही बसू द्या. बाप आणि लेक एकाच दिव्याखाली अभ्यास करताहेत यासारखं दुसरं चांगलं काय असेल?

सरकारी नोकरी लागली तर त्यांची पेन्शन जाईल का, ही भीती तुम्हाला असेल, प्रत्येकीला असते. केंद्र सरकारच्या नोकरीत, अधिकारी पदाखालच्या दर्जावरून ५५ वर्षांच्या आत निवृत्त झालेल्याचा नवा पगार ठरवताना त्याची पेन्शन हिशेबात घेतच नाहीत. पेन्शन चालू राहते आणि पगार वेगळा मिळतो.

एक नियम मात्र चौकट करून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. माजी सैनिकाच्या आरक्षणातून नागरी सरकारी नोकरीत कायम म्हणून रुजू झालं की तो लाभ संपतो. पण रुजू होण्याआधी इतर ठिकाणी अर्ज केलेले असतील, आणि रुजू झाल्याबरोबर कोणत्या पदासाठी कोणत्या तारखेला अर्ज केला याची यादी स्वयंघोषणापत्रासह नव्या कार्यालयात दिली, तर त्या पुढच्या नोकरीसाठीही लाभ घेता येतो. केंद्राने २०१४ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. म्हणून प्रत्येक अर्जाची तारीख लिहून ठेवा. खासगी किंवा कंत्राटी नोकरीने हा हक्क जात नाही, त्यामुळे सरकारी निकालाची वाट बघत घरी बसायचं कारण नाही.

डिफेन्स सिक्युरिटी कोअर म्हणजे डीएससी हाही एक रस्ता आहे, पुन्हा वर्दीचा. वयाची, वैद्यकीय श्रेणीची आणि घरी येऊन किती काळ झाला याची अट असते, त्यामुळे जायचं असेल तर आठ महिन्यांचे दोन वर्षं होऊ देऊ नका. पण तिथे पोस्टिंग पुन्हा लांब असू शकतं. २४ वर्षं तुम्ही एकटीने घर सांभाळलंत. पुन्हा तेच करायची तुमची तयारी आहे का, हा प्रश्न तुम्हा दोघांचा आहे. तुमच्या 'नको'लाही तितकंच वजन आहे.

सिक्युरिटी गार्डच्या नोकरीबद्दल. त्या कामात कमीपणा नाही, तसं मुलांसमोर कधी बोलू नका. मला राग आहे तो बारा तासांचा. बारा तास उभं करून आठ तासांचा पगार देणारे कंत्राटदार माजी सैनिकांनाच जास्त शोधतात, कारण हा माणूस तक्रार करत नाही आणि वेळेआधी पंधरा मिनिटं हजर असतो. हेच काम करायचं तर डीजीआरने पुरस्कृत केलेल्या एजन्सीमार्फत किंवा आपल्या राज्याच्या माजी सैनिक महामंडळामार्फत, म्हणजे मेस्कोमार्फत मिळतं का ते आधी बघा. डीजीआरच्या जागांवर वेतनाचे दर ठरवून दिलेले असतात, त्यात भविष्यनिर्वाह निधी वगैरे धरलेलं असतं. कोणत्याही ठिकाणी तीन गोष्टी विचारायच्या: ड्युटी किती तासांची, जादा तासाला काय देता, पीएफ कापता की नाही. उत्तर कागदावर मागायचं. 'स्वतःच्या परवान्याची बंदूक हवी' अशी गनमनची जाहिरात बघून घाईने शस्त्र विकत घेऊ नका, नोकरी सुटली तरी ती जबाबदारी घरात राहते. आणि नोकरी लावतो म्हणून जो पैसे मागतो, मग त्याला डिपॉझिट म्हणो की ट्रेनिंग फी, त्याच्याकडून उठून यायचं. तो स्वतः माजी सैनिक असला तरी.

आता चुलत दिरांचं. इथे मी आडपडदा न ठेवता सांगते: नको. ग्रॅच्युइटी, पेन्शनचा काही भाग विकून आलेली रक्कम, रजेचा पगार, ग्रुप इन्शुरन्स आणि फंड, हे सगळं एकदम हातात येतं आणि पुन्हा कधीच येत नाही. सैन्यातून आलेला माणूस शब्दावर विश्वास ठेवतो, कारण तिथे शेजारच्या माणसाच्या शब्दावर जीव टाकलेला असतो. गावात सगळे 'मेजर, मेजर' म्हणून मान देतात आणि त्याच मानाच्या भरात सही होते. दीर वाईट आहेत असं मी म्हणत नाही, मी त्यांना ओळखत नाही. पण एक वर्ष हा पैसा कुठल्याही धंद्यात जाणार नाही, असं तुम्ही दोघांनी मिळून ठरवा आणि तो बँकेत किंवा पोस्टात ठेवा. आधी घराच्या कर्जाचं व्याज किती जातं ते मांडा. बऱ्याचदा कर्ज फेडणं हीच सगळ्यात चांगली गुंतवणूक निघते. दिरांना एवढंच सांगा की वर्षभराने तीन वर्षांचे हिशेब घेऊन या, मग बसू.

मुलाखतीची तयारी घरात करून घ्या. सैन्यातली माणसं 'आम्ही केलं' म्हणतात. मुलाखतीत 'मी केलं' म्हणावं लागतं आणि ते त्यांना बढाई वाटते. त्यांना सांगा, ही बढाई नाही, हा अहवाल आहे. वरिष्ठांना रिपोर्ट देताना जसं 'मी मोजलं, इतकं भरलं' म्हणत होतात तसंच. समोर अठ्ठावीस वर्षांचा मॅनेजर बसलेला असेल आणि त्याला 'सर' म्हणायचं असेल. यात त्यांना फार त्रास होणार नाही, तरुण लेफ्टनंटला सॅल्यूट करायची सवय आहेच. त्रास होतो तो नंतर. 'उद्या बघू', 'जरा ॲडजस्ट करा', दहाची बैठक पावणेअकराला. पहिल्या तीन महिन्यांत माजी सैनिक नोकरी सोडतात ती माझ्या पाहण्यात बहुतेक याच कारणाने. रुजू होताना हे आधीच बोलून ठेवा, की राग आला तर पहिल्या दिवशी राजीनामा द्यायचा नाही, घरी येऊन तुमच्यापाशी बोलायचं. पगार किती हवा असं विचारलं की ते 'तुम्ही द्याल ते' म्हणतील. म्हणू देऊ नका. त्या कामाला तुमच्या भागात काय मिळतं ते चार जणांना विचारून एक आकडा ठरवा आणि तो मोठ्याने म्हणायचा सराव करा. पेन्शन मिळते म्हणून पगार कमी देऊ, असं कोणी म्हणालं तर पेन्शन ही झालेल्या सेवेची आहे, या कामाची नाही, एवढं शांतपणे सांगायचं.

आणि घरातलं बोलणं कमी झालंय म्हणालात. इतकी वर्षं ते या घरात रजेवर आले. वर्षाचे दोन महिने, कधी तीन. त्या दिवसांत सगळे त्यांच्या भोवती असत. आता ते रोज आहेत आणि घर त्यांच्याशिवाय चालतं हे त्यांना रोज दिसतं. मुलाच्या उशिरा उठण्यावरचा राग बराचसा याचा आहे. त्यांना घरातलं एखादं काम पूर्ण सोपवा, मधे न बोलता. वीजबिल, शाळेची फी आणि कर्जाचे हप्ते यांचा हिशेब त्यांच्याकडे द्या, त्यांच्यासारखं कोणी ठेवणार नाही. पण झोप लागत नसेल, दारू वाढली असेल, दिवसचे दिवस गप्प असतील, किंवा 'आता जगून काय करायचं' असा सूर एकदा जरी निघाला, तर नोकरीचं सगळं बाजूला ठेवून ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमध्ये डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर कोणत्याही वेळी, पैसे न देता, मराठीतही बोलता येतं. तुम्ही स्वतःसाठीही तिथे फोन करू शकता.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, त्यांना न सांगता अर्ज भरण्याचा. ताई, तुमची तळमळ कळते, पण हे थांबवा. भरतीच्या अर्जात एक तारीख चुकली किंवा सेवेचा एक महिना इकडचा तिकडे झाला की कागदपत्रं तपासताना अर्ज बाद होतो, आणि सही त्यांची असते. त्याहून मोठं कारण असं की ज्या माणसाने आयुष्यभर स्वतःच्या हाताने लेजर लिहिलं, त्याच्या नावाची नोंद दुसऱ्या कोणी लपून केली हे कळलं तर तो दुखावेल. भरलेले अर्ज त्यांच्यापुढे ठेवा, मला पत्र लिहिलंत हेही सांगा, आणि हे उत्तर त्यांना वाचायला द्या. वयाच्या हिशेबाचा परिच्छेद त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. मुलं घरी असताना.